सोलापुरातल्या रसवंत्या, सरबताच्या गाड्या आणि बर्फ: फक्त स्वच्छतेच्या अंगाने केलेलं परीक्षण

या परीक्षणात चवीला गुण नाहीत. रस किती दाट, सरबतात जिरं किती, मठ्ठ्याला मिरची लागते की नाही, याची पारख सोलापूरकरांना कुणी शिकवायला नको. इथे एकच गोष्ट तपासली आहे: ग्लासातून पोटात जंतू जाण्याचा धोका कोणत्या पेयात किती, आणि ते जंतू त्यात शिरतात कुठून.

निकाल आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर मिळणाऱ्या पेयांत शहाळं पहिलं. त्याच्या मागोमाग उकळता चहा, मग सोडा. उसाचा रस बर्फाशिवाय, डोळ्यांसमोर काढलेला आणि लगेच प्यायलेला असेल, चरक स्वच्छ असेल, तर ठीक. लिंबू सरबत आणि बर्फ घातलेलं ताक यांना काठावर पास करायलाही मन धजत नाही. बर्फाचा गोळा नापास.

गाड्यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. पार्क चौक असो, सात रस्ता असो, नवी पेठ असो की एसटी स्टँडचा परिसर, सकाळी अकराला नीटनेटकी असलेली गाडी दुपारी चारला तशीच असेल याची खात्री नाही. मालक तोच, ऊस तोच, पण ग्लास विसळायच्या बादलीतलं पाणीही सकाळचंच. नाव छापलं की माणूस नावावर विसंबून राहतो आणि बादलीकडे बघायचं विसरतो.

पाणी

सोलापूरला पाणी उजनीतून येतं, टाकळीहून भीमेचं येतं, हिप्परग्याच्या तलावातूनही येतं. शुद्धीकरण केंद्रातून निघताना त्यात क्लोरीन घातलेलं असतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, म्हणजे आयएस १०५००, सांगतं की नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असावं आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय, म्हणजे विष्ठेतून येणारा जंतू, अजिबात सापडू नये. खरी अडचण नळाच्या पुढे सुरू होते. शहराच्या बऱ्याच भागांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे बॅरल भरून ठेवणं ही घरोघरची रीत. गाडीवरचं पाणीही त्याच बॅरलमधून कॅनमध्ये आणि कॅनमधून बादलीत येतं. उघड्या बॅरलमध्ये, त्यातही उन्हात, क्लोरीन लवकर उडून जातं. मग एखादा न धुतलेला हात किंवा तांब्या त्यात बुडाला, तर जंतूंना अडवायला पाण्यात काही उरलेलं नसतं.

पाण्याबद्दल विचारलं की 'जारचं आहे' असं उत्तर हल्ली सगळीकडे मिळतं. आरओ केलेल्या पाण्यात क्लोरीन नसतंच. जार आतून घासून धुतला नसेल, किंवा त्याच्या तोटीला दिवसभर ओले हात लागत असतील, तर ते पाणी नळाच्या ताज्या पाण्यापेक्षा लवकर बिघडतं. तुरटी फिरवलेल्या पाण्याचंही तसंच. तुरटीने गाळ खाली बसतो, पाणी नितळ दिसतं, पण जंतू मारण्याचं काम तिच्याकडून होत नाही.

बर्फ

बर्फात जंतू मरतात हा समज फार खोलवर रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. गोठल्यावर बरेच जंतू नुसते थांबून राहतात, बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. काविळीचे हेपॅटायटिस ए आणि ई हे विषाणू तर थंडीत आरामात टिकतात.

२०१८ साली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने बर्फ कारखान्यांना सांगितलं की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालायचा, म्हणजे मासे किंवा औद्योगिक माल थंड ठेवायचा बर्फ ओळखू येईल. तेव्हा गाडीवर निळसर लादी दिसली तर तिथून पुढे चालू पडावं. पांढरी लादी म्हणजे मात्र शुद्ध बर्फ असं समजू नये. कारखान्यातून ती खाण्यायोग्य म्हणून निघाली असेलही. पण पुढचा प्रवास बघा. टेम्पोतून ती फुटपाथवर उतरते, ओल्या गोणपाटात गुंडाळली जाते, त्या गोणपाटाला आदल्या दिवसाचा भुसा चिकटलेला असतो, टोच्याने फोडलेले तुकडे हातानेच उचलून जगमध्ये जातात. लादीचा पृष्ठभाग सतत वितळत असतो, त्यामुळे तिला लागलेलं सगळं पाण्याबरोबर ग्लासात उतरतं.

यावर उपाय अवघड नाही. बर्फ पेयात घालायच्या ऐवजी पेयाचं भांडं बर्फात ठेवायचं. स्टीलचं पातेलं बर्फाच्या टबात बसवलं तर ताक किंवा सरबत पुरेसं गार राहतं आणि बर्फाचा थेंबही पोटात जात नाही. काही रसवंत्यांत रस थंड नळ्यांवरून खेळवणारी यंत्रं असतात. ती उत्तम, मात्र त्या नळ्या रोज धुतल्या जातात का हे विचारायला संकोच करू नये.

रसवंती

सोलापूर साखर कारखान्यांचा जिल्हा. ऊस शिळा झाला की साखरेचा उतारा घटतो, हे इथल्या शेतकऱ्याला माहीत असतं. त्यामागे ल्युकोनोस्टॉक नावाच्या जिवाणूचाही हात असतो. तो तोडलेल्या उसाच्या उघड्या टोकांतून आत शिरतो, साखर खातो आणि डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ बनवतो. तो माणसाला फारसा घातक नाही, पण त्याच्यामुळे एक सोपी खूण हाती येते. ग्लास तिरका केल्यावर रस तेलासारखा ओघळला, तार धरली, तर ऊस शिळा आहे किंवा चरकात जुना रस साचलेला आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी तो रस ठेवून द्यावा.

रस काळपट पडण्याचा मात्र जंतूंशी संबंध नाही. उसातलं एक विकर (एन्झाइम) हवेशी भिडलं की रंग बदलतो, कापलेलं सफरचंद तपकिरी होतं तसंच. लोक काळा रस परत करतात आणि हिरवागार रस निर्धास्त पितात. हिरव्यागार रसातही कोट्यवधी जंतू असू शकतात, डोळ्यांना ते दिसणार नाहीत.

उसाच्या रसाचा पीएच साधारण ५ ते ५.५. म्हणजे लिंबाच्या रसासारखं आम्लाचं कवच त्याला नाही, आणि साखर तर भरपूर. अनुकूल स्थितीत ई. कोलाय साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. ही गती टिकली तर तीन तासांत एकाचे ५१२ होतात. एप्रिल-मे महिन्यात सोलापूरचा पारा ४० अंशांच्या वर असतो, म्हणजे जंतूंना लागणारी ऊब आयतीच मिळते. म्हणून गिऱ्हाईक नसताना आधीच काढून जगमध्ये भरून ठेवलेला रस कधीही घेऊ नये, त्यावर जाळी झाकलेली असली तरीही. रसात पिळलेल्या लिंबाने आम्लता वाढते खरी, पण आम्लाने जंतू मरायला वेळ लागतो. आपण ग्लास दोन मिनिटांत संपवतो. लिंबू चवीला असू द्यावं, त्याच्यावर भरवसा ठेवू नये.

आता चरकाकडे या, कारण सगळ्यात जास्त घाण तिथेच लपते. फिरत्या लाटांच्या मागे एक खरवडपट्टी असते. लाटेला चिकटलेला चोथा ती ओढून काढते. ही पट्टी आणि लाट यांच्या फटीत बारीक तंतू अडकतात, रसाने भिजतात, रात्रभर तिथेच आंबतात. बंद करताना बहुतेक ठिकाणी वरून दोन तांबे पाणी ओततात. त्याने समोरचा भाग चकचकीत होतो, फटीतला लगदा जागेवरच राहतो आणि त्यावर जंतूंचा बुळबुळीत थर धरतो. दुसऱ्या दिवशीचा पहिला रस त्या थरावरूनच वाहत येतो. यंत्राजवळ आंबूस वास आला, तर कारण हेच.

पट्टीखालचा ट्रे बघा. त्याच्या कोपऱ्यांना काळी किनार असेल तर तो रोज उचलून धुतला जात नाही. गाळणी कापडाची असेल तर ती सकाळपासून ओलीच असते. स्टीलची जाळी बरी. बेअरिंगच्या कडेने काळं ग्रीस ओघळून लाटेकडे आलेलं दिसलं तर ते थेट रसात जातं. बिडाच्या गंजक्या लाटांपेक्षा स्टेनलेस स्टीलच्या लाटा केव्हाही चांगल्या. बैलांच्या किंवा मोटारीवरच्या लाकडी घाण्याचं लोकांना कौतुक फार, पण स्वच्छतेच्या हिशेबात तो शेवटी येतो. लाकडाच्या भेगा रस पितात, वाळत नाहीत, आणि कितीही घासलं तरी आतपर्यंत काही पोचत नाही.

ऊस कुठे ठेवलाय? जमिनीवर, गटाराच्या कडेला आडवी मोळी असेल तर साल तासून फारसा उपयोग नाही, कारण तासलेले ऊस पुन्हा त्याच जागी टेकवतात. तासलेले ऊस बॅरलच्या पाण्यात बुडवून ठेवायची पद्धतही आहे, थंड राहावेत म्हणून. एक खराब ऊस त्या पाण्यात गेला की उरलेल्या सगळ्यांना त्याची लागण. कांडी मधोमध चिरल्यावर आत लाल डाग दिसले तर ऊस लाल कूज रोगाचा आहे, तो चरकात जाऊ नये. आलं आणि पुदिना यांची माती धुतली जाते का तेही बघा, मातीतले जंतू चरकापर्यंत त्यांच्यावरूनच येतात.

चिपाडांचा ढीग चरकापासून लांब आणि झाकलेला असेल तर माश्या कमी. ढीग पायाशीच असेल, वर गांधीलमाश्या घोंघावत असतील, तर तिथे थांबू नये.

ग्लास, हात आणि फडकं

रस्त्यावरच्या पेयांतून होणाऱ्या त्रासाचा मोठा वाटा पेयाचा नसतोच, भांड्याचा असतो. एकच बादली, त्यात पन्नास ग्लास बुडवून काढलेले, पाणी गढूळ, वर साखरेचा तवंग. पहिल्या गिऱ्हाइकाची लाळ एकावन्नाव्यापर्यंत पोचते. मग तो ग्लास खांद्यावरच्या फडक्याने पुसला जातो. त्याच फडक्याने गाडी पुसलेली असते, घाम पुसलेला असतो, कधी माशीही हाकललेली असते.

ग्लास हातात देताना बोटं कुठे आहेत ते बघा. एका हातात चार ग्लास धरायचे म्हणजे चार बोटं चार ग्लासांच्या आत. आतड्याच्या जंतूंचा हा थेट रस्ता. शिगेला या जंतूचे अवघे १० ते १०० जिवाणू पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो, त्यामुळे एवढ्या बोटभर संपर्कालाही महत्त्व आहे. नोटा मोजलेला हात आणि ऊस धरलेला हात एकच असायचा. क्यूआर कोड आल्यापासून निदान नोटांचा भाग कमी झाला, ही गाड्यांवरची खरोखर चांगली सुधारणा आहे.

कागदी कप बरे, पण त्यांची उघडी चळत धूळ खात नसली तरच. घरून स्टीलचा पेला नेणं सगळ्यात चांगलं. रस थेट त्यात घ्यायचा. कुणी हसलं तर हसू द्यावं.

ताक, लस्सी, सरबत

ताक मुळात आंबट, त्यामुळे त्यात जंतूंची वाढ मंदावते. पण हे दह्यातल्या दह्यात. गाडीवर येईपर्यंत त्यात पाणी, बर्फ आणि कोथिंबीर मिसळलेली असते आणि शेवटच्या पाचेक मिनिटांत पडलेल्या पाण्यातले जंतू आंबटपणाने मरत नाहीत. लस्सीवरची साय वेगळ्या उघड्या परातीत ठेवलेली असेल तर तीच धोक्याची. हाताच्या जखमेतून, नाकाला लावलेल्या बोटातून स्टॅफिलोकोकस नावाचा जिवाणू तिथे येतो, त्याचं विष उकळूनही जात नाही, आणि तासा-दोन तासांत उलट्या सुरू होऊ शकतात. दाट लस्सी दुकानात फ्रीजमधून काढून, साय न घालता मागावी.

लिंबू सरबताला लिंबाने तारलं असतं, पण हंडाभर पाण्यात लिंबं किती पिळतात ते सगळ्यांना दिसतं. २०१९ च्या मार्चमध्ये कुर्ला स्थानकावर सरबत कसं बनतं याचा व्हिडिओ राज्यभर फिरला आणि मध्य रेल्वेने स्थानकांवर असं उघडं सरबत विकायला बंदी केली. सोलापूर स्थानक मध्य रेल्वेचंच. स्थानकाबाहेरच्या गाड्यांना मात्र तो नियम लागत नाही, आणि तहानलेला प्रवासी बाहेर पडल्या पडल्या तिथेच थांबतो.

गोटी सोड्यात कार्बनचं आम्ल असतं, बाटली बंद असते, म्हणून तो वरच्या गटात. खोट बाटलीच्या मानेत आहे. गोटीच्या चिमट्यात ब्रश जात नाही, आणि गोटी आत ढकलणारा लाकडी टोचा सोड्यात बुडतो. तो टोचा कुठे ठेवतात हे बघून ठरवावं. सोड्यात पुन्हा बर्फ घालून घेतला तर वरचे सगळे गुण गेले.

शहाळ्यातलं पाणी आत निर्जंतुक असतं. कोयता आणि स्ट्रॉ एवढंच बघायचं. भोक पाडल्यावर लगेच तोंडाला लावावं, घरी नेऊन दुपारभर ठेवू नये.

पाणपोयांचंही सांगायला हवं, कारण उन्हाळ्यात त्या मोठा आधार आहेत. रांजणावर झाकण आणि लांब दांड्याचं ओगराळं असेल तर निर्धास्त प्यावं. साखळीला बांधलेला एकच पेला रांजणात बुडत असेल तर ओंजळीत घेतलेलं पाणीही सुरक्षित नाही.

गाडीवाल्यांसाठी प्रमाणं

गाडीवाल्यांना हे परवडत नाही असं म्हणणं बरोबर नाही. तीन बादल्या लागतात. पहिलीत साबणाचं पाणी आणि ब्रश, दुसरीत स्वच्छ पाणी, तिसरीत क्लोरीनचं. तिसरीसाठी १० लिटर पाण्यात ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे पातळ ब्लीच, २० मिलिलिटर, किंवा ३३ टक्के क्लोरीनवाली ताजी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, ३ ग्रॅम. यातून लिटरमागे सुमारे १०० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. ग्लास त्यात मिनिटभर बुडवायचे आणि जाळीवर उपडे घालायचे, फडकं लावायचं नाही. क्रम उलटा करायचा नाही. साखर आणि रस क्लोरीन खाऊन टाकतात, म्हणून आधी घासणं, मगच क्लोरीन. दर दोन तासांनी, किंवा पाणी गढूळ दिसताच, तिन्ही बादल्या बदलायच्या. टीसीएलचं पोतं उन्हात उघडं राहिलं तर पावडरचा जोर जातो. तिला क्लोरीनचा झणझणीत वासच येत नसेल तर ती वापरू नये. सुगंधी ब्लीच पिण्याच्या पाण्यात कधीच नाही.

पिण्याच्या २० लिटर पाण्याला तेच ५ टक्के हायपोक्लोराइट सुमारे ०.८ मिलिलिटर, म्हणजे ड्रॉपरने १६ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी तुरटीने नितळ करून घ्यायचं. क्लोरीन उरलंय का ते ओटी टेस्टने कळतं: ओटी (ऑर्थोटोलिडीन) द्रावणाचा थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं तर आहे, तसंच राहिलं तर नाही. तपासलेलं पाणी फेकून द्यायचं, भांड्यात परत ओतायचं नाही.

चरक बंद करताना आधी वीज काढायची. खरवडपट्टी आणि ट्रे सोडवून ब्रशने घासायचे, गरम पाणी ओतायचं, बादलीतलं क्लोरीनचं पाणी दोन मिनिटं ठेवून साध्या पाण्याने धुवायचं. क्लोरीन जास्त वेळ राहिलं तर स्टीलवरही डाग पडतात. सकाळी पहिल्या उसाचा रस फेकून द्यायचा. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक दिसेल असा लावायचा. गिऱ्हाइकानेही तो बघायची सवय लावून घ्यावी.

त्रास झाल्यावर

जुलाब झाले की माणूस शेवटच्या प्यायलेल्या गोष्टीला बोल लावतो आणि बहुतेकदा चुकतो. स्टॅफिलोकोकसच्या विषाने १ ते ६ तासांत उलट्या होतात. साल्मोनेलाला ६ ते ७२ तास लागतात, शिगेलाला एक ते तीन दिवस. टायफॉइड बहुधा आठवडा-दोन आठवड्यांनी डोकं वर काढतो, हेपॅटायटिस ए साधारण महिन्याने. म्हणजे आज कावीळ निघाली तर गेल्या महिन्यातला बर्फ आठवावा लागेल. गरोदर बाईने हेपॅटायटिस ईमुळे उन्हाळ्यात रस्त्यावरचा बर्फ पूर्ण टाळावा. शेवटच्या तीन महिन्यांत हा आजार जिवावर बेततो. शौचातून रक्त, ताप, लघवी बंद होणं किंवा सारखी तहान लागूनही पाणी न टिकणं, यांपैकी काहीही दिसलं तर ओआरएस सुरू करून दवाखाना गाठावा.

घरी तपासायची बाटली

पाण्यात विष्ठेतले जंतू असल्याचा इशारा देणाऱ्या एच-टू-एस (हायड्रोजन सल्फाइड) बाटलीची पद्धत भारतीय शास्त्रज्ञांनी १९८२ साली मांडली आणि आजही ती स्वस्तातली सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. बाटलीत औषध लावलेली कागदी पट्टी असते. खुणेपर्यंत पाणी भरायचं, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही, झाकण घट्ट करून ३० ते ३७ अंशांत ठेवायचं. सोलापूरच्या उन्हाळ्यात घरातला सावलीचा कोपरा पुरतो, पत्र्याखाली किंवा उन्हात ठेवू नये. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर ते विष्ठेतल्या जंतूंनी दूषित असण्याची शक्यता मोठी.

तिच्या मर्यादा ठाऊक हव्यात. काही निरुपद्रवी जिवाणूही पाणी काळं करतात, त्यामुळे काळी बाटली म्हणजे प्रयोगशाळेत पक्की तपासणी करून घ्या असा इशारा समजावा. विषाणू तिच्यात दिसत नाहीत. आणि ती पाण्यासाठी आहे. रस, ताक, सरबत भरलं तर साखर, आम्ल आणि रंग निकाल बिघडवतात. गाडीवरून न्यायचंच असेल तर बादलीतलं पाणी न्यावं, किंवा बर्फाचा तुकडा स्वच्छ डब्यात वितळवून ते पाणी भरावं. काळी पडलेली बाटली उघडून थोडं हायपोक्लोराइट घालायचं, तासभर ठेवायचं, मग पाणी संडासात ओतायचं आणि हात साबणाने धुवायचे.